कोरा आवाज, गप्प झाडं

बांडुंग शहराच्या कडेला असलेल्या उजुंगबेरुंगच्या वरच्या अंगाला, मांगलायांग डोंगराच्या पायथ्याशी भाताची शेवटची चार खाचरं उरली आहेत. त्यांच्यापुढे नव्या वसाहतीच्या भिंती सुरू होतात. खाचरं आणि भिंती यांच्या मधोमध आम्बू ओनीचं घर. घरामागे माशांचं तळं, तळ्याकाठी फणसाची तीन झाडं, आणि तळ्याकडे तोंड केलेली एक खोली. सकाळचं धुकं डोंगरावरून उतरलं की आधी झाडं जातात, मग तळं जातं, आणि मग ती खोली एकटीच पाण्यावर तरंगत असल्यासारखी दिसते.

आम्बू म्हणजे आई. ओनीच्या पोटच्या मुली दोनच, दोघीही लग्न होऊन लांब गेल्या. पण तिला आम्बू म्हणणारे शंभरएक तरी निघतील. सगळे लांब केसांचे, काळ्या सदऱ्यांचे, सदऱ्यांवर कवट्या आणि हाडं. आले की दारात चपला काढायचे, वाकून तिचा हात कपाळाला लावायचे, मग भिंतीला टेकून मांडी घालून बसायचे आणि कोरा चहा फुंकून फुंकून प्यायचे. नवख्या माणसाला वाटावं, पोरं कुराण शिकायला आली आहेत. ती यायची गिटार वाजवायला. त्यांची गाणी ऐकली की तळ्यातले मासे तळाला जातात, असं तिचा नवरा म्हणायचा.

काम असं असे. गिटारची वायर थेट आवाज नोंदवायच्या यंत्राला जोडायची, मध्ये अँप्लिफायर नाही, काही नाही. मग जो आवाज येतो तो अगदी कोरा. कपडे वाळत घालायची तार कुणी बोटाने छेडावी तसा. तो कोरा आवाज आधी जपून नोंदवून घ्यायचा. पुढे सवडीने तोच आवाज मॉडेलरमधून काढायचा. मॉडेलर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्या पोटात नाना अँप्लिफायरांचे आवाज साठवलेले. कोरा आवाज या बाजूने आत गेला की त्या बाजूने गर्जत बाहेर येतो. आणि गंमत ही की कोरा तो कोराच बाजूला राहतो. आज त्याला एक रंग चढवा, उद्या पुसून दुसरा चढवा.

नवीन कुणी विचारलं तर ओनी जेवणाच्या ताटातला लालापचा पाला उचलून दाखवायची. लालाप म्हणजे कच्चाच खायचा पाला, काकडी, वांगं. इथल्या माणसाला त्याच्यावाचून घास उतरत नाही. "हा कोरा," ती म्हणायची. "आणि ही चटणी म्हणजे पेटी. चटणी कुणीही वाटेल. पाला शिळा असेल तर चटणी काय करणार?"

म्हणून कोरा आवाज घेताना ती कुणाचं ऐकायची नाही. "राक्षसामागे लपू नकोस, जांग," असं म्हणायची. राक्षस म्हणजे अँप्लिफायर, आणि जांग म्हणजे बाळा. "तुझी करंगळी घाबरतेय, ती मला ऐकू येतेय. पुन्हा." वाजवणारा घामाघूम व्हायचा. त्यातच तळ्याच्या पंपाची घरघर गिटारमध्ये शिरायची, म्हणून ती खिडकीतून हाक मारायची, "अबाह! पंप!"

अबाह सुहाया, तिचा नवरा, तळ्याकाठून ओरडायचा, "मासे गुदमरतील!"

"चार मिनिटं दम धरायला सांगा त्यांना!"

अबाह पूर्वी अँप्लिफायर दुरुस्त करायचा. बाजाराजवळ त्याचं दुकान होतं. ओनी तिथे बसून नुसतं ऐकायची, आणि काय बिघडलंय ते झाकण उघडायच्या आत सांगायची. अबाहचे गुडघे गेले, दुकान बंद झालं, घरात पेटाऱ्यांसारखे बारा अँप्लिफायर उरले. ते विकायची वेळ आली तेव्हा ओनीने ही पेटी आणली. अकरा दिवस एकेका अँप्लिफायरसमोर बसून तिने त्याचा आवाज पेटीला शिकवला आणि मगच त्याला घराबाहेर जाऊ दिलं. प्रत्येकाला नाव दिलं. एक मोठी काकू, एक पडसं झालेला, एक गारुतचा म्हातारा. या म्हाताऱ्याच्या पोटात खोल एक गुरगुर होती. अबाहला ती आयुष्यभर दुरुस्त करता आली नाही. ते दुखणं जसंच्या तसं पेटीत आलं.

"माझे बारा राक्षस एका डबीत," अबाह म्हणायचा. "ही डबी म्हणजे माझी सवत." त्या पेटीला त्याने कधी बोट लावलं नाही.

ओनीच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. अकरा वर्षांतला प्रत्येकाचा कोरा आवाज त्यात नावानिशी ठेवलेला. त्यातला एक सूर ती बदलत नसे, पुसत नसे, दुसऱ्याला ऐकवत नसे. ती अमानत आहे म्हणायची. माणूस कोरा वाजतो तेव्हा त्याचं सगळं उघडं असतं. कुणाचं बोट दुखतंय, कुणी भांडून आलाय, सगळं. ते आपल्या हाती सोपवलेलं. रोज दुपारची नमाज झाली की बिस्मिल्ला म्हणून ती कपाट उघडायची, आणि खोलीत मऊ, दूरचे, धुक्यातून आल्यासारखे सूर भरायचे.

गेली दोनेक वर्षं तर ते जास्तच मऊ झाले होते. सगळं जगच मऊ झालं होतं. भांडी पूर्वीसारखी खणखणत नसत. माणसांच्या बोलण्यातल्या कडा झिजून गेल्या होत्या. पाऊस पत्र्यावर पडायचा तो कुणी कापूस पसरावा तसा. ओनीला वाटे, वय झालं की अल्ला माणसाभोवती एक शाल घालतो. फक्त एका गोष्टीची हुरहूर होती. टोंगेरेत गेले होते. टोंगेरेत म्हणजे झाडाच्या खोडाला चिकटून संध्याकाळभर ओरडणारा किडा. पाऊस सरून उन्हाळा लागायच्या सुमाराला फणसाची झाडं नुसती किंचाळत असायची. वसाहत झाली, दिवे आले, आणि ते गेले. "बिचारे," ती अबाहला म्हणायची. "कुठे गेले असतील?"

"गेले असतील डोंगरात," अबाह म्हणायचा आणि माशांना दाणे टाकायला उठायचा.

सूरही मऊ लागत म्हणून ओनी पेटीवर वरच्या पट्टीचा खटका जरासा चढवायची. मग ते पहिल्यासारखे वाटायचे. पुढच्या महिन्यात आणखी जरासा. पोरांना ऐकवलं की पोरं डोळे मिटून ऐकायची, मान डोलवायची, "छान, आम्बू. अगदी छान," म्हणायची. त्यांच्यात सर्वांत जुना गुंगुन. वय चाळीस, 'काळा बांबू' बँडचा गिटारवाला. दिवसा तो वस्तीच्या सरकारी कचेरीत दाखले लिहून देतो. तो तर दोन्ही हात जोडायचा. "आम्बू, तुमच्या हाताला तोड नाही."

आणि मग एका शनिवारी लामरिया आली.

लामरिया बाताक मुलगी, सुमात्राकडची. इथे एका कापड गिरणीत कामाला होती. सत्ताविसाची असेल, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. चर्चमध्ये गिटार वाजवायची. त्यांच्या सुगीच्या सणाला म्हणायचं एक गाणं नोंदवून हवं होतं. सण दोन आठवड्यांवर आला होता.

"ईनांग, मी आत येऊ?" तिने दारातूनच विचारलं. त्यांच्याकडे आईला ईनांग म्हणतात. ओनीला ते आवडलं.

कोरा आवाज छान मिळाला. अबाहने पंप बंद केला, माशांनी दम धरला. मुलीचा हात घट्ट होता, विणकराच्या हातासारखा. तिसऱ्या तारेवर जरा घाई करत होती, तेवढं ओनीने सहा वेळा करून घेतलं. सहाव्या वेळी लामरिया म्हणाली, "ईनांग, गिरणीतला मुकादम बरा म्हणायचा!" आणि दोघी हसल्या.

पुढच्या शनिवारी ती ऐकायला आली. आठवडाभर ओनीने त्या गाण्यावर मन लावून रंग चढवला होता. खाली गारुतचा म्हातारा जरासा, वर मोठी काकू. आवाज सोडला आणि ती नेहमीसारखी 'छान' ऐकायला थांबली.

लामरियाने कपाळाला आठ्या घातल्या. मग एक डोळा बारीक केला. मग म्हणाली, "ईनांग, हे टोचतंय."

अबाह चहाचं तबक घेऊन दारात आला होता. तो तिथेच थांबला.

"काय होतंय?" ओनी म्हणाली.

"टोचतंय. खालचं फार सुंदर आहे, पोटात बसतं. मधलंही गोड. पण वरती सुया आहेत. कानात सुया घातल्यासारखं होतंय."

तीस वर्षांत ओनीला असं कुणी बोललं नव्हतं. तिचे कान तापले. "नेंग, पोरी," ती सावकाश म्हणाली, "तुमच्याकडे मोठ्या माणसांशी असंच बोलतात का?"

"हो," लामरिया निरागसपणे म्हणाली. "आमच्यात असंच. शिवाय गिरणीत माझं कामच हे. दिवसभर उजेडासमोरून कापड सरकतं, आणि दोष दिसला की मी खडूने खूण करते. गप्प बसले तर तो दोष कुणाच्यातरी सदऱ्यावर जातो."

"कापड डोळ्यांनी बघतात. हे कानांचं काम आहे."

"मग कानांनीच सांगतेय ना." ती अवघडली. हे जरा जास्तच झालं हे तिच्याही लक्षात आलं. "थांबा, खिडकी लावून पुन्हा ऐकते. बाहेर हे किडे इतके कोकलतायत, त्यामुळेही मला तसं वाटलं असेल."

"कुठले किडे?"

"हे काय! झाडावरचे. कान किटले माझे आल्यापासून."

ओनीने खिडकीकडे पाहिलं. फणसाची तिन्ही झाडं उभी होती. पानं हलत नव्हती. तळ्यावर संध्याकाळचा पिवळा उजेड पडला होता. काहीही ऐकू येत नव्हतं. चित्रातल्या झाडांसारखी ती झाडं गप्प होती.

तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. अबाह खाली बघत चहातली साखर ढवळत होता. त्या घरात चहात साखर घालत नाहीत.

लामरिया गेली. मग ओनी म्हणाली, "टोंगेरेत आहेत."

"आहेत."

"गेल्या वर्षीही होते?"

"दरवर्षीच असतात."

"मी दोन वर्षं म्हणतेय, गेले, गेले. तुम्ही म्हणालात, डोंगरात गेले."

अबाहने गुडघे चोळले. "तू म्हणालीस गेले. म्हटलं, हिला वाटतंय गेले, तर जाऊ देत. किड्यांसाठी कशाला वाद?"

"आणि टीव्ही?"

"टीव्हीचं काय?"

"मी मोठा करते तो?"

"शेजाऱ्यांनाही आवडते ती मालिका," अबाह म्हणाला.

ओनीला हसूही आलं आणि रडूही. तशीच ती खोलीत जाऊन बसली. एक प्रश्न मनात माशासारखा वर येत होता आणि पुन्हा बुडत होता. आपण दोन वर्षं सगळ्यांच्या आवाजात सुया भरत आलो. मग ती सगळी पोरं 'छान, छान' म्हणाली ती काय? आणि लोकांनी ती गाणी ऐकली कशी?

बाहेर आलेली गाणी ती कधी ऐकत नसे. शिजवणाऱ्याला जेवण जात नाही, तसं. त्या दिवशी तिने 'काळा बांबू'चं नवं गाणं शोधून लावलं. आवाज मळकट, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला. तिच्या कानांना आता तसंच वाटणार होतं. त्यावरून काही ठरवता येईना. म्हणून तिने वरचं सोडून दिलं आणि खालचं ऐकलं. खालचं तिला अजून मुंगीच्या पावलाइतकं स्पष्ट ऐकू येत होतं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकलं.

गारुतचा म्हातारा त्यात नव्हता. त्याची ती दुखरी गुरगुर कुठेच नव्हती. हात गुंगुनचा होता, कोरा आवाज तोच होता, तिने घेतलेला. अंगावरचे कपडे मात्र दुसऱ्याच कुणाचे होते.

तिने दुसऱ्या बँडचं लावलं. मोठी काकू नव्हती. तिसऱ्याचं. पडसं झालेला नव्हता. अबाहचे बारा राक्षस घर सोडून गेले होते आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी तिने चांगले कपडे घातले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि गाडी करून गुंगुनच्या कचेरीत गेली. तिथे चिठ्ठी घेऊन रांगेत बसावं लागतं. तिला चौतिसावा नंबर मिळाला. तेहतीस माणसांचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि बदललेले पत्ते होईपर्यंत ती पिशवी मांडीवर धरून बसून राहिली. खाकी गणवेशातला गुंगुन टोपीखाली केसांचा बुचडा दडवून शिक्के मारत होता.

"चौतीस! बोला आजी, कसला दाखला—" त्याने वर पाहिलं. "आम्बू! अहो, इथे कशाला रांगेत! मीच आलो असतो."

"गारुतचा म्हातारा कुठे आहे, जांग?"

गुंगुनचा शिक्का हवेतच राहिला. मागच्या बाईला वाटलं, कुणी हरवलंय. ती म्हणाली, "अरे देवा, कधीपासून?"

"दोन वर्षांपासून," ओनी म्हणाली. नजर गुंगुनवरच होती.

"दोन वर्षं चार महिने," गुंगुन अगदी हळू म्हणाला. मग त्याने खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. सकाळचे दहा वाजले होते.

कचेरीमागच्या बाकावर त्याने सगळं सांगितलं. त्याला सांगायचं नव्हतं. तो आधी हवेबद्दल बोलला, मग तिच्या गुडघ्यांबद्दल, मग अबाहच्या गुडघ्यांबद्दल. मग तो म्हणाला, तुम्ही दिलेलं आम्ही घरी न्यायचो, आणि त्यातलं कोरं तेवढं घ्यायचो. त्याच्याकडे एक छोटी पेटी होती. रंग तो स्वतः चढवायचा.

"बाकीच्यांचं?"

"त्यांचंही मीच. रविवारी."

"आणि माझ्यासमोर म्हणायचास, छान, आम्बू, तुमच्या हाताला तोड नाही."

"नाहीच आहे!" तो कळवळून म्हणाला. "आम्बू, मी एकदाही खोटं बोललो नाही. कोरं छानच होतं. तुमच्यासारखं कोरं अख्ख्या बांडुंगात कुणी घेत नाही. मी मनात तेवढंच धरून म्हणायचो, छान."

"वा रे! म्हणजे सासूने केलेली आमटी सुनेनं मोरीत ओतायची, दुसरी करून वाढायची, आणि म्हणायचं, सासूबाई, भात काय सुंदर शिजलाय!"

"मग काय सांगायचं होतं?" गुंगुनच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या तोंडावर? मी? तुम्ही मला तार लावायला शिकवलीत. माझी जीभ झडली असती."

"तुझी जीभ राहिली आणि माझे कान गेले," ओनी म्हणाली. "ते गेलेत हे निदान मला ठाऊक असायला नको?"

कचेरीतून कुणीतरी ओरडलं, सुट्टी संपली का? ओनी उठली. गुंगुनने सवयीने तिचा हात कपाळाला लावायला घेतला. तिने तो मागे घेतला नाही, पण नेहमीसारखा त्याच्या डोक्यावरही ठेवला नाही.

तीन दिवस खोली बंद होती. अबाह रोज एकदा जाऊन खिडकी उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. ओनी नमाजाच्या चटईवर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. सगळं विकून टाकावं, तिच्या मनात यायचं. कपाटातलं ज्याचं त्याला देऊन टाकावं आणि मुलीकडे जाऊन नातवंडांना भात भरवावा. काम करून काय मिळवलं, तर दोन वर्षं चार महिने भरल्या घरात वेड्यासारखं आपण एकटीने चटणी वाटत बसलो, आणि ती कुणी खाल्ली नाही.

गुरुवारी पहाटे ती अशीच कपाळ टेकून होती. धुकं दाराच्या आत आलं होतं. तेव्हा तिला आठवलं, लामरियाचं गाणं अजून आपल्याकडे आहे. रविवारी त्यांचा सण. त्या मुलीने टोचतं म्हटलं आणि तरी ते परत मागितलं नाही, दुसरीकडे नेलं नाही. नीट करून घ्यायला ती शनिवारी येणार होती. दोष सांगून पुन्हा त्याच दारात येणार होती.

ओनी उठली आणि तिने पेटी उघडली. अकरा वर्षांपूर्वीची मूळ मांडणी तिच्यात तशीच होती, तारखांसकट. अकरा दिवस, बारा राक्षस. तेव्हा कान शाबूत होते. तेव्हाच्या ओनीला टोंगेरेतच्या पंखांची धूळसुद्धा ऐकू यायची. तिने आपले नंतरचे सगळे चढवलेले खटके काढून टाकले आणि त्या जुन्या बाईने ठेवलं होतं तिथे सगळं नेलं. मग ऐकलं. मळकट, घोंगडीखालचं लागलं. हात पुन्हा खटक्याकडे गेला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

शनिवारी तिने लामरियाला बोलावलं तसंच गुंगुनलाही बोलावलं. तो पिशवीभर कोम्रो घेऊन आला. कंद किसून, आत तिखट भरून तळलेले ते गोळे ओनीला फार आवडतात. दाराजवळच बसला, पळायला सोपं म्हणून.

"आज या घरात एक नवा नियम आहे," ओनी म्हणाली. "एकेक दोष सांगितल्याशिवाय चहा मिळणार नाही."

अबाह किटली घेऊन बसला होता. त्याने झाकण घट्ट दाबून धरलं.

तिने लामरियाचं गाणं सोडलं. लामरियाने ऐकलं. हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या उलगडल्या. "सुया गेल्या," ती म्हणाली. "पण दुसऱ्या कडव्यात गाणं जरा पेंगतंय."

"पेंगतंय ते तू पेंगलीस म्हणून. गिटार काढ. पुन्हा वाजव. अबाह, पंप!"

ते झालं. लामरियाला चहा मिळाला. मग ओनीने मुद्दाम वरचा खटका फिरवला, गेल्या दोन वर्षांत जिथे ठेवत आली होती तिथपर्यंत. लामरियाने दोन्ही कानांवर हात ठेवले. ओनीला काहीच फरक कळला नाही. गाणं थोडं उजळ झालं एवढंच. ती गुंगुनकडे वळली. "कसं आहे, जांग?"

"छा—"

"गुंगुन."

त्याच्या कपाळावर घाम आला. "म्हणजे, आम्बू, तसं बघायला गेलं तर चांगलंच... माझ्याच कानात मळ असेल... आज दमट हवा पण..."

"भाऊ, तुम्ही कवट्यांचा सदरा कशाला घालता?" लामरिया म्हणाली. "टोचतं म्हणा की!"

"टो..." गुंगुनने डोळे घट्ट मिटले. "थोडं टोचतं, आम्बू. माफ करा."

"थोडं?"

"खूप. माफ करा. फार टोचतं. दोन वर्षं टोचतंय. माफ करा."

ओनी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग हात लांब करून तिने त्याच्या डोक्यावर ठेवला. "अबाह, याला दोन कप द्या."

मग तिने ठरवलेलं सांगितलं. कोरं घेणं तिचं. ते ती हात चालतायत तोवर सोडणार नाही. रंग चढवायचा तो मात्र इथेच, याच खोलीत, तिच्यासमोर. खालचं ती सांभाळेल. वरच्यासाठी शेजारी एक कान बसेल, आणि त्या कानाला तोंड असलं पाहिजे. रविवारी तो कान गुंगुनचा. ज्याला दोष सांगता येणार नाही त्याने दुसरीकडे जावं. "आणि म्हाताऱ्याला पुन्हा घराबाहेर काढायचं नाही," ती म्हणाली. "दुखणं आहे त्याचं, पण ते आपलं आहे."

लामरियाचं गाणं सणाला वाजलं. कसं वाजलं ते तिने येऊन सांगितलं. त्यात एक दोषही सांगितला, न विचारता.

ही गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण चार दिवसांनी, उन्हं उतरताना, ओनी मागीलदारी पाला निवडत बसली होती, आणि खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अबाह पेटीसमोर बसलेला. ज्या पेटीला त्याने अकरा वर्षांत बोट लावलं नव्हतं तिच्या वायरी त्याच्या गळ्यात, गुडघ्यावर, सगळीकडे. खिडकीच्या गजाला एक जुना माइक बांधलेला, फणसाकडे तोंड करून.

"सवतीकडे काय करताय?"

"बस इथे. बोलू नकोस. मला आधीच काही कळत नाहीये. गुंगुनला फोन करून तीनदा विचारलंय." त्याने एक खटका फिरवला, मग परत फिरवला. "हे असं धरलं की आवाज दोन सप्तकं खाली येतो म्हणाला. थांब. हां."

आणि खोलीत काहीतरी आलं.

आधी ओनीला वाटलं, लांबच्या मशिदीत पुष्कळ बायका एका सुरात काहीतरी म्हणतायत. मग वाटलं, बांबूच्या वनातून वारा चाललाय. तो आवाज उठायचा, रुंद व्हायचा, तळ्यावर पसरायचा, आणि एका टोकाला जाऊन विरायच्या आत दुसऱ्या झाडावरून पुन्हा सुरू व्हायचा. पिवळा उजेड खिडकीतून आत आला होता, आणि त्या उजेडालाच आवाज फुटल्यासारखं झालं होतं. ती खाली बसली. हातातला पाला हातातच राहिला.

"तेच?" तिने विचारलं.

"तेच. जरा म्हातारे झालेत एवढंच."

ती ऐकत राहिली. झाडं बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अबाहच्या दुकानातल्या दिवसांपासून ओळखीचा असलेला तो भाव आला. मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले.

"तिसऱ्या झाडावर," ती म्हणाली. "तो एकजण मागे पडतोय. प्रत्येक वेळी."

अबाहने खिडकीतून वाकून फणसाकडे पाहिलं. "सांगू त्याला?"

"सांगा की," ओनी म्हणाली. "तोंडावर सांगा."